मिशीची कंटिन्यूइटी

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या नटांचं आत्मचरित्र निघतं तेव्हा मटेरियल कमी पडतं. माझं पडू नये.
सध्याची स्थिती : सहा सिरियल चालू. सहाही ठिकाणी हिरोइनचे बाबा. सहाही ठिकाणी वारलेले. भिंतीवर फोटो, चंदनाचा हार, खाली दिवा. हिरोइन रडायला आली की माझ्याकडे बघते.
लोक याला 'नुसता फोटो' म्हणतात. जळतात. हिरोला डेंग्यू झाला की तो आठवडाभर दिसत नाही. मी एकही एपिसोड चुकवलेला नाही, तेही बालाघाटात राहून.
सहा सिरियलमध्ये फोटो एकच आहे हे खरं. पण प्रत्येक भूमिका आतून वेगळी आहे. दोन नंबरच्या सिरियलमध्ये मी ट्रकखाली गेलो, तिथे स्माइलमध्ये जरा वेदना आहे. नीट पाहिलं की दिसते.
उद्या भरवेलीला खाणीत फर्स्ट शिफ्ट. अभ्यास म्हणून जातो.

५ नोव्हेंबर, बुधवार
मेहुणा महागू आमच्या श्रुतिकासाठी स्थळ घेऊन आला. मुलगा रजत, राजेगावचा, गोंदियाला बँकेत. महागूने शोधलं असं सगळे म्हणतात. पण श्रुतिका आणि रजत कॉलेजात एकाच वर्गात होते, आणि स्थळाचं नाव निघताच श्रुतिकाने न सांगता भांडी घासली. बाप आहे मी. कळतं.
रविवारी बघायला येतील. बायकोने, पुष्पलताने, बजावलं की तुम्ही जास्त बोलू नका. हे मला! ज्याला दहा वर्षांत एक डायलॉग मिळाला नाही त्याला!
संकल्प : बापाची भूमिका पहिल्यांदाच लाइव्ह. साक्षगंधात अंगठी घालायच्या वेळी करायचं भाषण आजच लिहून ठेवलं. चार पानं.

९ नोव्हेंबर, रविवार
मंडळी आली. रजत, त्याचे वडील पुनाराम, आजी चंपाबाई. पोह्यांचा ट्रे घेऊन मीच एन्ट्री घेतली. आजीने मान वर केली आणि किंचाळली, अवं माय, हा तं मेला होता न!
पोहे सोफ्यावर. आजी महागूच्या अंगावर.
नंतर कळलं की आजी रोज संध्याकाळी टीव्हीपुढे बसून माझ्या फोटोला हात जोडते. माझ्या तेरवीच्या एपिसोडला ती जेवलीसुद्धा नव्हती. रजत तिला समजावत होता की आजी, हे एक्टिंग करतात. आजी म्हणे, मंग मले काहून रडवलं?
अशी दाद मोठमोठ्यांना मिळत नाही. मी आजीला विचारलं, कोणत्या सिरियलमधला मी जास्त आवडतो? पुष्पलताने पायावर पाय दिला. अंगठा सुजला आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार
महागूचा फोन. आजीला पोरगी पसंत आहे, पण हार घातलेल्या माणसाच्या घरी नातू द्यायला ती तयार नाही. म्हणते, पोरीचा बाप जिता असन तं जिता दिसला पायजे. आणि आजी नाही म्हणाली तर पुनाराम काही बोलणार नाहीत.
महागूचा उपाय : मिशी काढा. मिशी नसली की आजी ओळखणार नाही. आधीच म्हातारीले कमी दिसते, म्हणाला.
मिशी! सहा भिंतींवर जी आहे ती! स्पष्ट नकार दिला. या धंद्यात कंटिन्यूइटी नावाची गोष्ट असते. उद्या एखाद्या सिरियलमध्ये बाबा जिवंत परत आला तर? टीव्हीवर मेलेले निम्मे लोक परत येतात. तेव्हा काय, महागूची मिशी लावू?
पुष्पलता म्हणाली, लावा न. त्यालेबी काही काम नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
मुंबईहून कोऑर्डिनेटर रवीचा मेसेज : "तीन नंबरवाली में बाबा वापस आ रहा है. डिटेल बताता हूं."
सांगत होतो की नाही!
मिशीला खोबरेल लावलं. आरशापुढे प्रॅक्टिस. "बेटी, मैं ज़िंदा हूं." आवाज जरा चिरका येतो. दहा वर्षं वापरला नाही.
श्रुतिका जेवायला बसली नाही. दारातूनच म्हणाली, बाबा, टीव्हीत तुमी सहा पोरीचे बाप आहा. एकडाव माहे तं व्हा.
वाक्य चांगलं आहे. भाषणात घ्यावं. लिहिताना डोळ्यात काहीतरी गेलं. चिलट असेल.

१६ नोव्हेंबर, रविवार
महागू पुन्हा आला. खिशात रेझर. हाकलला.
रवीचा फोन लागत नाही. मोठी कामं अशीच ठरतात.

२० नोव्हेंबर, गुरुवार
रवीचा फोन आला. बाबा परत येतोय, नक्की. पण ॲक्सिडेंटमध्ये चेहरा जळाला होता, प्लास्टिक सर्जरी झाली. त्यामुळे दुसरा ॲक्टर. "आपकी फोटो वही रहेगी, टेंशन मत लो."
म्हणजे मी जिवंत झालो, फक्त मी नाही.
शांतपणे विचार केला तर हा माझाच विजय आहे. त्या नटाला आता जन्मभर माझ्या फोटोसारखं वागावं लागणार.
रात्री मिशी काढली. रवीच्या फोनचा काही संबंध नाही. गरम होत होतं. पुष्पलताने स्वेटर घातला होता, पण ती तब्येतीने थंड आहे.
श्रुतिका बाथरूमच्या दारात उभी राहून रडली. मी म्हटलं, नव्या रोलची तयारी आहे. हौ बाबा, म्हणाली.

२३ नोव्हेंबर, रविवार
साक्षगंध.
महागूने राजेगावला जाऊन सांगितलं होतं, पोरीचा बाप जिता आहे, येऊन पाहा. सुरुवात उत्तम. आजीने ओळखलं नाही. पोहे खाल्ले, वर मलाच विचारलं, तुमी पोरीचे कोन? मी नम्रपणे सांगितलं, बाप. गोड म्हातारी आहे.
मग इवाई-भेट. व्याह्यांनी एकमेकांना हार घालायचे. मी पुनारामांना घातला. त्यांनी मला घातला.
हार मानेला लागला आणि शरीराने ऐकलं नाही. दहा वर्षांची तालीम. हनुवटी वर, नजर लांब, तेच स्माइल.
आजी उठली. अरे देवा, हा तं तोच आहे! आणि हात जोडले. मागच्या दोनचार बायकांनीही जोडले. बँडवाला थांबला. श्रुतिकाने माझी बाही ओढली. बाबा, काही तं बोला, म्हणाली.
खिशात चार पानं होती. एक शब्द फुटला नाही. स्माइल तसंच लागलेलं आणि वरून डोळे वाहायला लागले. ही पोरगी आता जाणार, एवढंच डोक्यात. पुसायला हातही उचलला नाही. फोटोला हात नसतात.
आजी जवळ आली. गालाला बोट लावून पाहिलं. मग मागे वळून म्हणाली, फोटो रडत नसते. हा रडून राह्यला. जिता आहे. घाला आंगठी.

३० नोव्हेंबर, रविवार
साक्षगंधाचे फोटो आले. माझा एकट्याचा फारच भारी आला आहे. झेंडूचा हार, स्माइल, गालावर पाणी. असा शॉट मुंबईत कोणी घेतला नाही. रवीला पाठवला. त्याचं म्हणणं, मिशी नाही, चलेगा नहीं.
संध्याकाळी महागू राजेगावहून आला. आजीने तोच फोटो मोठा करून बैठकीत लावला आहे. तिच्या वारलेल्या नवऱ्याच्या फोटोशेजारी. वर चंदनाचा हार, समोर दिवा.
म्हणजे सातवी भिंत. पैसे नाहीत. पण त्या घरात श्रुतिका राहणार.
तेवढा हार काढायला निरोप दिला आहे. आजी म्हणाली, पाहू.