विहिरीवर जातो तो वेळ

५ फेब्रुवारी १९७३, सोमवार
दादानं मुरुमहून सोसायटीची डायरी आणून दिली. मागच्या सालची, छापील तारखा खोडून लिहायच्या. म्हणाला, "शांते, अभ्यासाला वेळ मिळत नाही म्हणून रडू नको. दिवस कुठं जातो ते रोज लिही, सापडंल." तो तिथं कारकून, त्याला लिहिलं की सगळं सापडतं. बघू. मार्चात मॅट्रिक. ग. (गणित असं पुरं लिहवतसुद्धा नाही) गेल्या खेपेला त्यानंच घात केला. पास झाले तर नर्सिंगला अर्ज. नाहीतर आहेच दुष्काळी कामावरची खडी.

६ फेब्रु.
पाणी. भाकरी. खडी फोडायच्या कामावर, उशिरा. मुकादम सगळ्यांसमोर, "आलात का राणीसरकार!" संध्याकाळी परत. ग. शून्य. वही उघडली आणि डोळा लागला. काय आळशी बाई मी!

८
काल लिहायचं राहिलं. वेळ नव्हता!
पाणी, भाकरी, खडी, परत उशीर. ग.ची दोन उदाहरणं, दोन्ही चूक. आत्याबाई म्हणाल्या, "काय लिवती गं सारखी? माझ्या चुगल्या?" म्हटलं, "न्हाय हो, माझ्याच." हसल्या. सासू हसली की दिवस बरा जातो.

११, रविवार
दादा आला. डायरी वाचून तोंड वाकडं केलं. "रोज नुसतं 'पाणी' काय? आमच्या सोसायटीत असं चालत नाही. भरायला किती गेला, थांबायला किती, वेगळं लिही." म्हटलं, घड्याळ कुठंय घरात. तर म्हणे शाळेची घंटा ऐकू येते की. कारकून कुठला!

१२
थांबणे: पहिल्या घंटेच्या आधीपासून पार मधल्या सुट्टीपर्यंत.
भरणे: एक पाढा म्हणून होईल एवढं.
दोनदा वाचलं.
आम्ही बौद्धवाड्यातल्या बाया दोराला हात लावत नाही. हंडे खालच्या दगडावर मांडायचे, वरच्या आळीतली कुणी ओतील तेव्हा घ्यायचं. कळायला लागल्यापासून हेच, म्हणून हा वेळ गेला असं कधी मनातच आलं नाही. बहुतेक सरूकाकूच घालतात. मायाळू बाई. "आलीस का गं बाय? थांब, माझं झालं की घालते." त्यांचं झालं की जावेचं, मग शेजारणीचं, मग गप्पा...

१४
थांबणे, तेवढंच. भरणे, तेवढंच. डोकं फिरलं. मी आळशी नाही! मी आळशी नाही!
वही विहिरीवर नेऊन पाहिली. एक डोळा हंड्यावर, एक बीजगणितावर, दोन्हीकडं घोळ.
आत्याबाईंना विचारलं, दोर आपणच धरला तर? भाकरी थापता थापता हात थांबला त्यांचा. "सरू हाय म्हणून पाणी मिळतंय. तिला दुखवू नगं. ह्या दुष्काळात भांडाण काढती व्हय?" घाबरल्यात. मी तरी कुठं धीट आहे...

१६
सरूकाकू माकणीला, लेकीकडं. मला ठाऊक नव्हतं, बसले वाट बघत. बाकीच्या येतात, भरतात, जातात. एकीला म्हटलं, "घाला की हो दोन पोहरे." "आज लई घाई हाय, येळ न्हाय." दुसरीचंही तेच. मधली सुट्टी झाली. शाळा सुटली. खडीचा रोज बुडाला. यांच्याकडं दोन पोहऱ्यांचा वेळ नाही आणि मी मात्र अख्खा दिवस घेऊन बसलेली!
उठले. पोहरा सोडला. दोर इतका गुळगुळीत असतो हे माहीत नव्हतं. निम्मं सांडलं. मागून कुणीतरी किंचाळलं. वळून नाही बघितलं. भरला हंडा, आले घरी.
आत्याबाईंनी ऐकलं. ते पाणी प्यायल्या नाहीत.

१७
वरच्या आळीत ओरड, पाणी बाटलं. सकाळभर विहीर ओस. दुपारी सगळ्या मुकाट्यानं येऊन भरून गेल्या, दुसरं पाणी आहे कुठं? हसू आलं.

१९
सरूकाकू परत आल्या, वाटेतच गाठलं. "म्या कधी कमी घातलं का तुला? एक दिस दम धरला न्हाय तुझ्यानं?" डोळे भरलेले. मलाच चोरट्यासारखं झालं. म्हटलं, "कमी कधीच न्हाय घातलं, काकू. पण तुमी येस्तवर माझा दिस जातो." बघतच राहिल्या. त्यांच्याही हे कधी मनात आलं नसणार. गेल्या निघून. लई वाईट वाटलं मला. एवढी एकच तर मायेची.

२०
उद्या संध्याकाळी चावडीवर बोलावणं. मला आणि आत्याबाईंना. आमचे हे लांब तलावाच्या कामावर, निरोप धाडलाय, पोचतात की नाही कुणास ठाऊक. दादा म्हणतो मी येतो. म्हणे, "माफी मागायला लावतील, मागू नको." त्याला काय जातं बोलायला, राहायचं आम्हाला आहे इथं.
आत्याबाईंनी विचारलं, "आज बी गणित न्हाय?" ग. शून्य.

२१
उठले तर हंडा नाही, आत्याबाई नाहीत. पळत गेले. रहाटाशी आत्याबाई, पदर खोचून, दोर ओढताहेत! सरूकाकू शेजारीच उभ्या. पुढं आल्या नाहीत, हटल्याही नाहीत. बाकीच्या लांबून बघत होत्या. मी दोराला हात घालायला गेले तर आत्याबाई खेकसल्या, "तू हितं कशाला तडफडलीस? घरी जा, गणित कर."
आले घरी. संध्याकाळी चावडी आहेच, काय करतील सांगता येत नाही. वही पुढ्यात घेऊन बसलेय मघापासून. रडू आवरत नाही, एक आकडा दिसेल तर शपथ.