बेसिल येईपर्यंतचे दात

६ ऑगस्ट २००४, शुक्रवार

माझे दात वाईट दिसतात! चौदा वर्षं मस्कतला राहणाऱ्या माझ्या नवऱ्याला हे फोटोवरून कळलं. सुझानने तिच्या वाढदिवसाचे फोटो ऑफिसातून ईमेलने बापाला पाठवले होते. आज शुक्रवार – तिकडे सुट्टी, म्हणजे इकडे फोन.

"फ्लॉसी, तू फोटोत तोंड मिटून का बसतेस? आणि एका फोटोत हसलीयेस, तर ते दात..."

ते दात! जसे काही शेजारणीचे आहेत.

खरी बातमी नंतर आली. बेसिल नाताळला येतोय आणि परत जाणार नाही. कायमचा! २७ डिसेंबरला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात – चर्चमध्ये मिस्सा, मग मांडव, जेवण, व्हिडिओवाला. "त्याच्या आत दात करून घे. हल्ली सगळे करतात."

मी बरं म्हटलं. मी नेहमी बरंच म्हणते.

सासूबाईंना सांगितलं, तुमचा मुलगा कायमचा घरी येतोय. त्यांनी क्रूसाची खूण केली. मग विचारलं, "कशाला?"

१४ ऑगस्ट, शनिवार

विरार स्टेशनजवळ, चपलांच्या दुकानावर पहिला मजला. पाटीवर 'डेंटल' बारीक आणि 'स्माइल' मोठं. भिंतीवर एका गोऱ्या बाईचा हसरा फोटो. तिला बत्तीसच्या वर दात असावेत. मी मोजत होते तेवढ्यात नंबर आला.

डॉक्टर हर्षवर्धन सुझानच्याच वयाचे. त्यांनी रंगांचं कार्ड काढलं – रंगाऱ्याकडे असतं तसं. पांढऱ्याचे सोळा प्रकार! माझा दात शेवटून दुसऱ्याशी जुळला. "टी-स्टेन आहे, मॅडम." "चहाचे डाग," मी म्हटलं. सव्वीस वर्षं चौथीला मराठी शिकवतेय, सवय जात नाही.

वरचे पुढचे चार दात आखूड झालेत, कडा झिजल्यात. "वयाने होतं." मी अठ्ठेचाळीसची. तुमच्या आईचं वय काय, असं विचारणार होते, पण तोंडात त्यांची दोन बोटं आणि एक नळी होती. दाताचे डॉक्टर गप्पा मारायला नेमकी हीच वेळ निवडतात.

दातांच्या रंगाचा लेप लावून ते लांबी वाढवणार. निळ्या दिव्याखाली घट्ट होतो म्हणे.

२१ ऑगस्ट, शनिवार

चार दात वाढवून मिळाले. आरशात बघितलं तर कोणीतरी दुसरीच बाई. बरी होती.

सुझान म्हणाली, "मम्मी, मस्त!" सासूबाईंनी बराच वेळ निरखलं आणि म्हणाल्या, "आता जपून हस." (त्या आमच्या घरच्या बोलीत बोलतात. वहीत उतरवताना माझ्यातली मास्तरीण ते शुद्ध करते. माफ करा, आई.)

२३ ऑगस्ट, सोमवार

शाळेत एकाही बाईला काही दिसलं नाही. किंवा दिसलं आणि जळल्या.

पहिल्या बाकावरच्या पिंकीला मात्र दिसलं. "टीचर, तुम्ही दात नवीन घेतले?" हो. "मग जुने कुठे टाकले?"

२ सप्टेंबर, गुरुवार

बारा दिवस! सकाळी उठले तर जिभेला धार लागली. एका दाताचा कोपरा गायब. तुकडा सापडला नाही, गिळला असणार.

डॉक्टरांची उलटतपासणी. "काय खाल्लंत? चिंबोरी? ऊस?" झोपले होते, मी म्हटलं. "झोपण्याआधी?" पेज. पेजेने दात तुटलेली विरार तालुक्यातली पहिली बाई मी, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलं होतं. आणि विरार तालुका नाही, वसई तालुका. हे मी त्यांना सांगितलं नाही. मनातल्या मनात बोलताना मी फार हुशार असते.

पुन्हा लेप. पुन्हा निळा दिवा.

१० सप्टेंबर, शुक्रवार

आज बेसिलच्या पोतडीतून आणखी एक भेट निघाली. हिलरी त्याच्याशी बोललाय. हिलरी म्हणजे बेसिलचा शाळेतला दोस्त. हल्ली बिल्डरला जमिनी दाखवत फिरतो, पांढरे बूट घालून. आमच्या नंदाखाल गावच्या चिखलात पांढरे बूट!

तर आमच्या केळीच्या वाडीवर चार मजली बिल्डिंग होणार. आपल्याला दोन फ्लॅट मिळणार. सातबाऱ्यावर अजून सासूबाईंचं नाव आहे. "आईला तू समजाव. तुझं ती ऐकते. मी आलो की सही."

"केळी?" मी विचारलं.

"केळी बाजारात मिळतात, फ्लॉसी."

बरं म्हटलं.

२४ सप्टेंबर, शुक्रवार

दुसऱ्या दाताचाही कोपरा गेला. आता जोडी झाली.

रोज उठताना कानशिलं ठणकतात, जबडा जड असतो. हिरड्यांतून ब्रशला रक्त. आठ तास अंथरुणात असते आणि उठते अशी की रात्रभर भात लावलाय. आज चौथीला निबंध लिहायला दिला आणि मीच झोपले! विषय होता – 'माझी आवडती शिक्षिका'.

२५ सप्टेंबर, शनिवार

आज डॉक्टर हसले नाहीत. माझ्या दातांचे प्लास्टरचे ठसे काढले. टेबलावर माझे वरचे-खालचे दात, मी बाजूला. वरचे त्यांनी खालच्यांवर ठेवून थोडे सरकवले – झिजलेल्या जागा बरोबर एकमेकींत बसल्या, कुलूप-किल्लीसारख्या.

मग माझ्या गालांवर दोन बोटं ठेवून म्हणाले, "दात आवळा." आवळले. गालात लिंबाएवढी गाठ वर आली. "पैलवानाचा स्नायू आहे, मॅडम. तुम्ही झोपेत दात खाता. हे मला पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं."

तो मुलगा चूक कबूल करतो! हे कौतुकाने लिहितेय, टोमणा नाही.

त्यांनी समजावलं ते असं – दात खाताना झोप गाढ लागत नाही, म्हणून डोकं दुखतं, दिवसा पेंग येते. शिवाय मी तोंड उघडं टाकून झोपत असणार. तोंड कोरडं पडतं, लाळ कमी होते, म्हणून हिरड्या सुजतात. आणि अशा जबड्यापुढे त्यांचा लेप म्हणजे बत्तासा.

"शेजारी कोण झोपतं? त्यांना विचारा, आवाज येतो का."

शेजारी उशी झोपते, डॉक्टर. चौदा वर्षं. तिची काही तक्रार नाही.

२६ सप्टेंबर, रविवार

मिस्साहून आल्यावर सासूबाईंना विचारलं. त्या पलीकडच्या खोलीत झोपतात, मध्ये नुसती लाकडी फळी. त्या अळू चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कित्येक वर्षं. पण या ऑगस्टपासून जातंच फिरतंय."

"मग सांगितलं का नाहीत?"

"औषध देतेय की!"

दात खाणाऱ्या पोराच्या पोटात जंत असतात, हे त्यांच्या आईने त्यांना सांगितलेलं. म्हणून सासूबाई महिनाभर माझ्या सकाळच्या चहात वावडिंग कुटून घालताहेत! आणि मी दुकानदाराशी भांडले, चहापत्ती कडू देतो म्हणून.

९ ऑक्टोबर, शनिवार

नाईट गार्ड मिळाला. घोड्याच्या नालाच्या आकाराचं पारदर्शक प्लास्टिक. रात्री वरच्या दातांवर चढवायचं. लावला की 'स' चा 'श' होतो. सुझानने "शुभ रात्री, शाशूबाई" म्हणायला लावलं आणि हसून लोळली.

डॉक्टरांनी विचारलं, "काही टेन्शन?" छे! मला कसलं टेन्शन? नवरा येतोय, मांडव उभा राहतोय, फ्लॅट मिळतोय. बायका नवस करतात यासाठी.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

शाळेतून आले तर हिलरी वाडीत. टेप घेऊन एक माणूस राजेळी केळीच्या झाडांमधून फिरतोय. घडांना हात लावून बघत हिलरी म्हणाला, "वहिनी, लिफ्ट इथे येईल."

मी त्यांना चहा दिला. चहा! वावडिंग घालायचं सुचलं नाही.

१३ नोव्हेंबर, शनिवार

गार्डला भोक पडलं. डॉक्टरांनी तो उजेडात धरला. "वर्ष-दोन वर्षं टिकतो हा. तुम्ही पाच आठवड्यांत चावून काढलात."

मी म्हटलं, ते राहू द्या, पुढचे चार दात पुन्हा करा, व्हिडिओ आहे. म्हणाले, नाही. भिंतीवर ती बत्तीसच्या वर दातवाली, आणि खाली हा नाही म्हणतोय! "मी लावीन, तुम्ही तोडाल. आधी रात्रीचं थांबू द्या." नवीन गार्डचं माप घेतलं. दारापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, मागच्या वेळी तुम्ही फार पटकन 'छे' म्हणालात."

रिक्षात बसल्यावर रडू आलं. कारण नव्हतं काही. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. दात दुखतोय, मी म्हटलं.

२१ नोव्हेंबर, रविवार

उन्हात वाळवून सुकेळी करायची म्हणून सासूबाई केळी सोलत बसल्या होत्या, मी शेजारी. त्यांनी एकदम विचारलं, "हिलरीच्या कागदावर सही करू का?"

बेसिल म्हणतोय ना, मी म्हटलं.

"बेसिलचं त्याने सांगितलं. तुझं विचारतेय."

तोंड उघडलं आणि काही बाहेर येईना. दातखीळ म्हणतात ती हीच. अडीच महिन्यांत हे मला कोणी विचारलं नव्हतं – मीसुद्धा नाही. सासूबाईंनी वाट बघितली. एक अख्खी फणी सोलून होईपर्यंत बघितली. मग म्हणाल्या, "मला सांगू नको. त्याला सांग. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, मला झोप लागतच नाही. रात्रभर तुझं भांडण ऐकत पडते, आणि समोर कोणीच नसतं."

२६ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगितलं.

"वाडी विकायची नाही."

"काय?" त्याला वाटलं लाईन खराब आहे. मी पुन्हा म्हटलं, शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात. मग मी थांबेचना. पंप जळला तेव्हा आगाशीहून मिस्त्री कोणी आणला? वादळात अर्धी वाडी आडवी झाली, तेव्हा पहाटे उठून टेकू कोणी दिले? शाळेच्या आधी पाणी, शाळेनंतर पाणी. तू पैसे पाठवलेस, कबूल. पण घर इथे मी चालवलं. आणि मांडवात दाखवायला तुला माझे दात हवेत, माझं मत नको!

"तू कधी बोलली नाहीस," बेसिल म्हणाला.

नाही बोलले. ही चूक माझी, तीही सांगितली.

तिकडून फोन ठेवल्याचा आवाज.

सासूबाई दारात. "झालं?"

"झालं."

"मग जेव."

२७ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी नऊ वाजता उठले! सुझान दोनदा नाकाशी बोट धरून गेली म्हणे. पलीकडच्या खोलीतून तक्रार – "एवढी शांतता, मला झोपच आली नाही."

२८ नोव्हेंबर, रविवार

नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. फादर येणाऱ्याच्या स्वागताच्या तयारीवर अर्धा तास बोलले. पहिली मेणबत्ती पेटवली. आमचा येणारा बोलत नाहीये. रागावलाय. रागावू दे, हक्काचा राग आहे, मस्कतला दुसरं काम काय त्याला!

३० नोव्हेंबर, मंगळवार

भरदुपारी बेसिलचा फोन. त्याची नोकरी जूनमध्येच गेली. सहा महिने एका गाववाल्याच्या खोलीत जमिनीवर झोपतोय. दर शुक्रवारी सुट्टी असल्यासारखा फोन करायचा. "रिकाम्या हातांनी कसा येऊ, म्हणून वाडीचं काढलं." आणि रडला. पंचवीस वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता.

मी म्हटलं, नाताळपर्यंत थांबू नको, आत्ता ये. केळीला खत घालायचंय. मला एकटीला होत नाही.