बटणाखालचा दाणा

उदगीर, मंगळवार, संध्याकाळ

ह्यांनी हौसेनं आणलेला जुना कॉम्प्युटर आजही नीट सुरू होईना. चालू केला की त्याला जोडलेल्या टीव्हीवर एकच अक्षर आपोआप उमटत राहतं. एखादं बटण दाबलेलं राहिलं तर असं होतं, असं त्याच्यासोबतच्या पुस्तकात वाचलं. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "भंगारात दे की गं! किती चिवडून राहिलीस?"

चिमट्यानं बटण उचकटलं. खाली कुंकवाचा तांदूळ अडकलेला. हे वारले, त्याआधीच्या दसऱ्याला ह्यांनीच याची पूजा केली होती, मूठभर अक्षता टाकून. म्हणजे हा दाणा त्यांच्या हातचा. काढू का? नाही काढला तर यंत्र बिघडलेलंच राहणार. मग काढला, तुळशीत ठेवला.

कॉम्प्युटर नीट सुरू झाला. ह्यांचं नाव लिहायला बोट उचललं, पण लिहिलं माझंच.