आई माहेरी जाणार म्हणते

६ जुलै, रविवार
सकाळी मल्लूचा फोन. मल्लू म्हणजे मामाचा मुलगा, सख्खा मामेभाऊ. माझी पन्नाशी उलटली, आवाज आज पहिल्यांदा ऐकला. 'अक्का, पप्पांची तब्येत लई खालावलीय. आत्याला यंदा पंचमीला पाठवा की.'
पाठवा की म्हणे. ते मंगळवार पेठेत, आम्ही विजापूर रोडला. एवढी वर्षं सोलापुरात रिक्षा नव्हत्या बहुतेक.
वर एक अट. घरात त्याची नवी सून आलीय, पंचमीला तिच्या माहेरची माणसं येणारेत. 'आत्याचे मालक मिलिटरीत होते, आपल्यातलेच होते, एवढंच बोलूया. बाकी कशाला उकरायचं?'
दादा धनगर होते. माझे वडील जेऊरचे धनगर होते, आणि ते मेल्यावर ह्यांना त्यांना लिंगायत करायचंय. फोन कट केला. मोबाईल आपटताही येत नाही धड.

७ जुलै
आईला सांगणार नव्हते. पण लपवाछपवीवरून चिडायचं आणि स्वतः तेच करायचं, म्हणून सांगितलं. अटीसकट.
शेंगा फोडत बसली होती. हात थांबला नाही. म्हणाली, 'जाणार मी.'
'अट ऐकलीस का?'
'ऐकली. बहिरी हाय का मी?'


९ जुलै
डोकं शांत होत नाही. आई-दादांनी लग्न केलं तेव्हा ह्या लोकांनी तिच्या नावानं आंघोळ केली होती. लिंगायतांत सुतक पाळत नाहीत. माणूस खरोखर मेलं तरी पाळत नाहीत. पण हिच्यासाठी नवा रिवाज काढला, पाणी तापवून सगळ्या घरानं अंगावर ओतून घेतलं. ती बातमी पुढं शेजारणीनं मुद्दाम येऊन सांगितली तिला. तेव्हा मी पोटात होते.
आणि आता पंचमी. तंबिटाचे लाडू. झोका.
ह्यांना म्हटलं तर म्हणतात, म्हातारी माणसं आहेत, जाऊ दे. ह्यांचं सगळं जाऊच दे असतं.

१३ जुलै, रविवार
आज राग आवरायला कपाट आवरलं. दादांचा लष्करातला फोटो निघाला. बसले तिथंच.
सुट्टी म्हणजे आमच्यासाठी जेऊर. वर्गातल्या सगळ्या पोरी आजोळी जायच्या, आम्ही काकाच्या मेंढरांत. रात्री घोंगडं टोचायचं म्हणून रडायचे, आणि सोलापूरला परत आल्यावर गादीवर झोप यायची नाही. उजनीच्या पाण्यात दादांनी पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून पोहायला शिकवलं. ओरडायचे, 'हात मार, लाजतीस कुणाला? मेंढरांना?'
पण खरी सुट्टी सुरू व्हायची कु.वाडीला, म्हणजे कुर्डुवाडी जंक्शनला. पॅसेंजर तिथं बराच वेळ थांबायची. दादा खाली उतरायचे, फलाटावरून आमच्या खिडकीशी यायचे आणि मोठ्यानं, 'बाई, भाकरी हाय का? जेऊरला गाडी थांबत न्हाय.' आम्ही खिदळायचो, कारण आमची गाडी जेऊरला थांबायचीच. आई पदर पुढं ओढायची, डब्यातली भाकरी नि शेंगाचटणी फडक्यात बांधून द्यायची. 'फडकं परत पायजे.'
एकाहत्तरच्या लढाईत हेच खरं झालं होतं. आईचे वडील, अप्पा, कु.वाडी स्टेशनात कारकून. रेल्वे कॉलनीतल्या बायका मिलिटरीच्या गाड्यांना भाकरी द्यायला जायच्या, त्यांच्यात आई. दादांची गाडी सीमेवर चाललेली, त्यांच्याच गावावरून न थांबता जाणार. भाकरी मागितली. लढाई संपल्यावर रजेवर आले ते आधी कु.वाडीला उतरले, फडकं धुऊन घेऊन. सगळ्या कॉलनीसमोर. पुढं दर रजेत काही ना काही परत द्यायचं असायचंच.
ह्या माणसाला 'आपल्यातलाच' म्हणायचं? कुणाच्यातला?

२० जुलै
भांडण. मोठं. आईनं नवी साडी आणायला सांगितली, पंचमीसाठी, आणि माझं डोकं फिरलं. नको ते बोलले. म्हटलं, 'दादा दर मे महिन्यात सगळ्या फलाटासमोर तुला हाक मारायचे, आणि तू चार लोकांत त्यांची जात गिळणार?'
म्हणाली, 'सगळ्यांसमोर न्हाय. अप्पांसमोर.'
मला कळेना.
'ते ड्यूटीवर असायचे की. पंख्याखाली, बुकिंगच्या दारात. दर वर्षी बघायचे. म्हणून तर तुझे दादा मोठ्यानं बोलायचे. आज तरी येतील म्हणून.'
'आले कधी?'
'न्हाय.'
माझ्या आयुष्यातली सगळ्यात लाडकी गोष्ट. आम्ही भावंडं टाळ्या पिटत होतो, आणि तो म्हातारा दहा पावलांवर उभा राहून नातवंडं बघत होता. कुणी सांगितलं नाही. दादांनीही नाही. आता कुणाकुणावर चिडू? दादांवरसुद्धा चिडले आज. फोटो परत कपाटात टाकला.

२४ जुलै
साडी आणली. मोरपंखी. पिशवी तिच्यासमोर ठेवून निघून आले. अजून राग आहेच. म्हणाली, 'मऊ हाय.' बास.

२८ जुलै, सोमवार
मल्लूचा मेसेज. 'अक्का, ते लक्षात आहे ना?' अंगठ्याचं चित्र.
आईला शेवटचं विचारलं, 'तू खोटं बोलणारेस का?' म्हणाली, 'मी कशाला बोलू?' ह्याचा अर्थ काय घ्यायचा माणसानं?

२९ जुलै, पंचमी
सगळं लिहून काढते.
मामा पलंगावर, हाडांचा सापळा. आईनं पायाला हात लावला, 'अण्णा' म्हणाली, दोघं कानडीत काहीतरी बोलले. दोघं रडले. मी नाही.
मग बैठकीत सुनेची आई गोड हसून, 'तुमचे मालक कुठले म्हणायचे?' आईच्या आधी मल्लू, 'मिलिटरीत होते, आपल्यातलेच.' सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईनं मांडीला चिमटा काढला. अजून वण आहे.
ती मामाकडं वळली. साध्या आवाजात. मराठीत, सगळ्यांना कळावं म्हणून. 'अण्णा, तूच सांग की. माझे मालक कोण होते?'
मामानं डोळे मिटले.
'झोपला न्हायस तू. सांग.'
मल्लूची बायको आईसाठी आणलेली साडी घेऊन दारातच उभी. सुनेची आई बांगड्या फिरवत बसली. मल्लू माझ्याकडं बघतोय, जसं मीच शिकवून आणलंय. मी म्हटलं, 'आई, चल, उठ.' म्हणाली, 'तू जा. अण्णा सांगेल तवर बसते मी.'
संध्याकाळपर्यंत थांबले. मामा बोलला नाही, ही उठली नाही. एकटी घरी आले. रिक्षात रडले, रागानं.

३० जुलै
तिच्या गोळ्या नेऊन द्यायच्या म्हणून बघितलं तर कपाटात एकही पाकीट नाही. सगळ्या घेऊन गेलीय. म्हणजे आधीच ठरवून.
दुपारी मल्लूचा फोन, 'अक्का, आत्याला न्या की. पाहुणे परत गेले, सून तोंड फुगवून बसलीय.' म्हटलं, तुम्हीच बोलावलं होतं. आईला द्या फोन.
'मामा बोलला का?'
'न्हाय. बघतो नुसता.'
'रात्री जेवायला तरी वाढलं का कुणी?'
'मी काय पाहुणी हाय? घेतलं हातानं.'
न्यायला कधी येऊ विचारलं, तर फोन ठेवून दिला.