कान मोकळे हवेत

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
१४ डिसेंबर २०२५

तीर्थरूप सुधन्वादादास,
अलकनंदाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तू स्वतः रचतोस. मागच्या महिन्यात मी हलवा केला म्हणाले, तर आमची बदली झाली, घर हलवतायत, असं तू वहिनीला सांगितलंस. म्हणून हे लिहिते आहे.

श्रीरंगची नजर आता उजेड आणि अंधार इतकीच उरली आहे. उरलेलीही जाईल, असं ऑक्टोबरात डॉक्टर म्हणाले. त्याने मान डोलावली आणि घरी येऊन पळायचे बूट पुसले. तेव्हापासून रोज सकाळी नेहरू पार्कात आम्ही दोघं पळतो. बुटाच्या नाडीचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या. मी खड्डा, पायरी, कुत्रा, जॉगिंग करणारे जॉइंट सेक्रेटरी असं ओरडत जाते आणि तो त्याप्रमाणे पाय टाकतो. घराबाहेर तो स्वतःहून पडतो ते एवढंच. ऑफिसला गाडी येते, ते बाहेर पडणं नव्हे.

एक फेब्रुवारीला दहा किलोमीटरची शर्यत आहे, त्यात त्याने दोघांची नावं घातली आहेत. अडचण अशी, की इथे जानेवारीत थंडी आणि पाऊस एकदमच येतात. तू तीस वर्षं रविवार पेठेत रेनकोट विकलेस. थंडीपावसात पळणाऱ्या माणसाने काय घालावं ते कळव. घरात पळायचं यंत्र आणून त्यावर पळ म्हटलं, तर तो म्हणाला, जागच्या जागी पळायला ऑफिस आहे की.

वहिनीला नमस्कार. उत्तर टपालाने पाठव, नुसता अंगठा नको.
तुझी
अलका

पुणे
२० डिसेंबर २०२५

चि. सौ. अलकास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा प्रश्न सोपा आहे. पाणी आत शिरता कामा नये, बाकी सगळं गौण. सोबत आपल्या दुकानातला सर्वोत्तम सूट पाठवतो आहे. आतून रबर आहे, हूडला नाडी आहे आणि ती हनुवटीखाली आवळायची. हा सूट घालून एक गृहस्थ मुळशीच्या धरणात पडले होते. आतला सदरा कोरडा निघाला. गृहस्थही निघाले.

आत जाड सुती बनियन आणि त्यावर स्वेटर घालायला सांग. श्रीरंगरावांना म्हणावं, काळजी नसावी. आता दुकान लेकच, म्हणजे संपदाच, एकटी बघते आणि मी सल्ला द्यायचा नाही असं ठरलं आहे. त्यामुळे तुझं पत्र आलं ते बरं झालं.

माझी माया आहे तशीच आहे, हवामान कसंही असो.
तुझा दादा

लक्ष्मीबाई नगर
९ जानेवारी २०२६

ती. दादास शि. सा. न.

सूट मिळाला. सोमवारी पाऊस होता आणि नऊ अंश होते, म्हणून लगेच घातला. दादा, तो सूट वाजतो. पापडांनी भरलेली पिशवी शेजारून पळते आहे असं वाटतं. मी डावीकडे सरक म्हणून तीनदा ओरडले. हूडच्या आत त्याला फक्त सूट ऐकू येत होता. गटाराच्या झाकणाला पाय लागून तो पडला. हनुवटीला दोन टाके, गुडघा सोललेला. सूट काढला तेव्हा बनियन आणि स्वेटर पिळून पाणी निघालं. पावसाचा थेंब आत गेला नव्हता, सगळा घामच होता. तेवढ्यापुरतं तुझं म्हणणं खरं ठरलं.

त्याने आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, की डोळे आजाराने नेले, पण कान मात्र मी आपल्या हाताने बांधून घेतले. मग बूट माळ्यावर ठेवायला सांगितले. चार दिवस रजा टाकून खुर्चीत बसला आहे. टीव्ही लावतो, पण बातमी संपून जाहिरात लागली तरी चेहरा तोच. मला या माणसाची काळजी वाटते. पडण्याची नव्हे, या बसण्याची.

तुला दोष देत नाही. पण सल्ला दे. या वेळी विचार करून.
तुझी
अलका

पुणे
१५ जानेवारी २०२६

चि. सौ. अलकास आशीर्वाद.

चूक माझी. तीस वर्षं मी लोकांना कोरडं ठेवलं, पण त्यातला एकही पळत नव्हता, हे लक्षात आलं नाही. तुझं पत्र वाचून संपदाला तोच सूट घालून कालव्याच्या रस्त्याने पळायला लावलं. दहा मिनिटांत ती घामाने भिजून परत आली. मागून ट्रक आला तोही तिला कळला नाही. मग ती मला बरंच काही बोलली. ऐकण्याचं यंत्र कानात होतं, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

आता नीट ऐक. पळणारा माणूस भिजणारच. भिजलेलं अंगावर गार होत राहतं, वाईट ते. म्हणून अंगालगत सुती काही नको, सुताला पाणी सोडवत नाही. खेळाडू घालतात तसा चटकन वाळणारा, अंगाला बसणारा बनियन, त्यावर पातळ लोकरीचा सदरा, वर वारा अडवणारं मऊ, बिनबाह्यांचं जाकीट. हातमोजे. हूड नको. पुढे चोच असलेली टोपी, म्हणजे तोंडावर पाऊस नाही आणि कान मोकळे. प्रत्येक कापड कानाशी चोळून बघा, वाजलं तर परत करा.

श्रीरंगरावांना सांग, मलाही चौकात हॉर्न ऐकू येत नाहीत. तरी रोज दूध आणायला मीच जातो. शौर्य म्हणून नव्हे. बाकीचे चुकीचं दूध आणतात.

तुम्हा दोघांवर जीव असलेला,
दादा

लक्ष्मीबाई नगर
२२ जानेवारी २०२६

ती. दादास शि. सा. न.

तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. दुधापाशी तो हसला. रात्री जेवताना म्हणाला, की कापड कानाशी चोळायला हरकत नाही, त्यात पळावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी सरोजिनी मार्केटमध्ये त्याने सतरा जाकिटं ऐकली. अठरावं गप्प निघालं.

काल पावसात चार किलोमीटर पळालो. प्रत्येक हाक त्याला ऐकू आली. घरी येऊन दोन वेळा चहा मागितला. नावं खोडलेली नाहीत. घाईत आहे, रागावू नये.
तुझी
अलका

लक्ष्मीबाई नगर
१० फेब्रुवारी २०२६

ती. सुधन्वाराव यांस
श्रीरंगचा सा. न. वि. वि.

हे मी बोलत्या कॉम्प्युटरवर लिहितो आहे. कानात हेडफोन आहेत, त्यामुळे अलकाला मजकूर कळलेला नाही. जोडाक्षरं चुकली तर सांभाळून घ्यावं.

शर्यत पूर्ण झाली नाही. सकाळपासून पाऊस होता. माझे कपडे उत्तम होते, त्याबद्दल तुमचे आभार. चौथ्या किलोमीटरनंतर अलकाच्या सूचना उशिरा येऊ लागल्या. डावीकडे खड्डा, असं मी खड्ड्यात पाय घातल्यावर ऐकू आलं. सहाव्या किलोमीटरला हातातली नाडी थरथरायला लागली. मी थांबलो. ती म्हणाली, थांबू नकोस, चारच राहिले. मी तिच्या बाहीला हात लावला. ऑफिसच्या क्रीडा दिनाला पंधरा वर्षांपूर्वी मिळालेला सुती ट्रॅकसूट. ओल्या सतरंजीसारखा लागला. तिचे दात वाजत होते.

मी जाकीट आणि लोकरीचा सदरा काढून तिला घातला. मग तिच्या खांद्याला धरून, लोकांना विचारत विचारत, औषधोपचाराच्या तंबूपर्यंत गेलो. रस्ता मी विचारला, पायऱ्या तिने सांगितल्या. घरी येताना रिक्षात ती रडली. माझी शर्यत तिच्यामुळे बुडाली म्हणे. मी तिला यापूर्वी इतका चुकीचा हिशेब करताना ऐकलं नव्हतं.

ताप तीन दिवस राहिला. त्या तीन दिवसांत मी एक गोष्ट तपासली. माझ्या कपड्यांबद्दल तुम्हा दोघांत पाच पत्रं झाली, ती सगळी मला वाचून दाखवण्यात आली. तिच्या कपड्यांबद्दल त्यांत एकही ओळ नव्हती. तुम्ही विचारलं नाही, कारण तुम्हाला माहीत नव्हतं. ती रोज माझ्यापासून हातभर अंतरावर पळत होती, तरी मी विचारलं नाही, याला मला कारण सापडलेलं नाही.

शनिवारी ती झोपली असताना मी पांढरी काठी उघडली. डॉक्टरांनी दिली होती, कपाटात घडी घातलेली होती. सरोजिनी मार्केटला एकटा गेलो. जाताना दोनदा चुकलो, एकदा चुकून कुणाच्या तरी गाडीत बसणार होतो. मागच्या वेळच्याच दुकानदाराने मला ओळखलं. मी अलकाच्या मापाचं सगळं घेतलं: बनियन, सदरा, जाकीट, हातमोजे, टोपी. जाकिटावर ग्लासभर पाणी ओतून पाहिलं. दुकानदार म्हणाला, भाईसाब, आजवर कुणी इतकं पारखून घेतलं नाही. मग माझ्याकडून भिजलेल्या इतर मालाबद्दलही तो थोडं बोलला.

घरी आल्यावर लक्षात आलं, की रंग विचारायचा राहिला.

अलकाने पिशवी उघडली. मी एकटा गेलो म्हणून रागावेल असं वाटलं होतं, पण रागावली नाही. रंग कसा आहे, असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने विषय बदलला, त्यावरून रंग भयंकर असावा. पण ताप उतरून आता सहा दिवस झाले, बाहेर ऊन आहे असं सगळे म्हणतात, आणि ती जाकीट घालूनच पोळ्या लाटते आहे. ते वाजत नाही, पण पोळपाटाला त्याची चेन लागते. तेवढं मला ऐकू येतं.

आपला
श्रीरंग