शीव खिडकीतून जाते

लोअर थॉर्नबी, मे महिना

प्रिय आई,

तू विणलेले मोजे मिळाले. आजच घातले आणि आजच चिखलात माखले, त्याची ही हकिकत.

इथली गावपंचायत आणि हौशी मंडळी दर मे महिन्यात गावाची शीव पायी चालतात आणि शिवेवरच्या दगडांना काठ्या मारतात, म्हणजे कुणी विसरायला नको. यंदा मीही गेले. दुपारी वरात नेमकी माझ्याच घरापाशी थांबली. अध्यक्षीण विनिफ्रेडबाई सत्तरीच्या, पण नकाशा बघून थेट माझ्या खिडकीवर चढायला लागल्या.

"अहो, दार आहे की," मी म्हटलं.

"शीव दारातून जात नाही, एफी. मी तरी काय करू?"

मग सगळे चिखलाच्या बुटांनी या खिडकीतून आत आणि समोरच्या खिडकीतून बाहेर. विनिफ्रेडबाई मध्येच थबकल्या. "चूल आमच्या गावात आणि पलंग शेजारच्या. म्हणजे जेवतेस आमच्याकडे आणि झोपायला जातेस परक्यांकडे, होय गं?"

सगळे हसले. माझा नवरा गॉर्डन गेल्यापासून मी इतकी हसले नव्हते.

गुडघा बरा आहे, जिने तेवढे टाळते. तुझा खोकला कसा आहे? नीलने छपराचं काम केलं का?

ऑर्कनीला परत कधी येतेस, असं तू दर पत्रात विचारतेस. रागावू नकोस आई, पण चहा झाल्यावर विनिफ्रेडबाईंना थांबवून घेतलं आणि आम्ही दोघींनी मिळून पलंग चुलीच्या बाजूला ओढला.

मोजे धुऊन वाळत घातलेत.

तुझीच,
एफी