वाघाच्या कार्डामागचा नियम

चिंचणी, बुधवार

प्रिय चिंतू,

पत्र बघून आधी हसून घे. फोनवर मी बोलत सुटते आणि मुद्द्याचं तेवढं राहून जातं, म्हणून लिहायला बसले. फासे, कार्डं आणि गप्पांवर चालणाऱ्या आपल्या रविवारच्या खेळाला तू येणं सोडलंस, त्याला सात महिने झाले. शिफ्टचं कारण मी खरं मानल्यासारखं केलं. ते खरं नव्हतं, हे दोघांनाही माहीत आहे. मला तू परत यायला हवा आहेस, आणि त्याआधी वाघाबद्दल बोलायला हवं.

बोईसरची मंडळी बरी आहेत. भावेश अजून फाशावर फुंकर मारतो आणि अजून त्याला एकच पडतो. दातिवऱ्याची आपली कीर्ती खेळातही होडी हाकणारी तांडेलच आहे. तिच्या पाणमांजराला मी बुडी मारून अडकलेलं जाळं सोडवायचं कसब दिलं, तर म्हणते, माझं जनावर जेवणार कधी? आता त्याच्या जेवणाचाही नियम लिहिलाय. प्रत्येक पात्राला शोभेल असं सोबतीचं जनावर आणि दोघांना मिळून जमेल असं कसब, एवढंच तर मला मनापासून जमतं. निदान मला तसं वाटायचं.

तुझ्या वाघावर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती. वाघबारशीच्या सणाला तू आम्हाला तुमच्या पाड्यावर नेलंस, तुझ्या आईने शेंदूर लावलेल्या लाकडी वाघोबापुढे नारळ ठेवला, तेव्हा मी फोटो काढला होता. त्यावरूनच तुझ्या कार्डावरचं चित्र काढलं, तुला आनंद होईल म्हणून. आणि त्याच चित्राखाली कसब लिहिलं : हुकूम. फासा टाक, वाघ झेप घेईल. तुमच्या देवाला मी तुझा नोकर करून टाकलं आणि माझ्या लक्षातही आलं नाही. आज त्याची फार लाज वाटते.

तू एकदाही हुकूम दिला नाहीस. खाडीवरच्या लढाईत तुझ्या एका फाशावर सगळे वाचले असते. तू म्हणालास, "वाघोबाला आमी हुकूम नाय करीत." मी चिडून म्हटलं, कागदाचाच तर आहे, चावणार नाही. सगळे हसले. तूही थोडा हसलास, कार्डाच्या मागे पेन्सिलने काहीतरी खरडलंस आणि निघून गेलास.

ते मी नंतर वाचलं. "वाघ कोणाचा नाय. आदी त्याची वाट सोडायची, त्याचं खाणं ठेवायचं. मंग आला त आला." पुढच्या रविवारी तू आला नाहीस, तरी तसंच खेळवून पाहिलं. भावेशने आपली शिकार वाघासाठी ठेवली. फासा त्याने टाकायचा नव्हता, वाघाच्या वतीने मी टाकायचा होता. सगळे टेबलावर वाकून बघत होते. वाघ आला नाही, तरी सगळे म्हणाले, पुन्हा खेळूया. इतका चांगला नियम मला कधी सुचलेला नाही.

गेल्या महिन्यात पुण्याच्या प्रदर्शनात एका प्रकाशकाने आपला खेळ निवडला, तो याच नियमासाठी. व्यासपीठावर त्यांनी मला विचारलं, हे कसं सुचलं? मी माईक हातात घेऊन म्हटलं, आमच्याकडे वाघाला मानतात, त्यावरून सुचलं मला. टाळ्या वाजल्या. तुझं नाव माझ्या तोंडून निघालं नाही. काल मी त्या प्रकाशकांना खरं काय ते लिहून कळवलं आहे. नियम तुझा आहे, आणि तू हो म्हटल्याशिवाय तो छापायचा नाही. तू आणि आई नको म्हणालात तर वाघ खेळातून निघेल, मग त्यांनी खेळ छापला नाही तरी चालेल. मला माफ करायचं की नाही ते मात्र वेगळं ठरव. तुझ्या होकारासोबत ते मी मागत नाही.

तुझीच (हे लिहायचा हक्क अजून असेल तर),
मेघाली